ब्रांच निवडायची आहे? आधी त्या ब्रांचचा मंगळवार बघा

मी भूलतज्ज्ञ. जिल्ह्याच्या गावी राहते. स्वतःचं हॉस्पिटल नाही; गाडीच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, ट्यूब, ॲम्बू बॅग आणि औषधांचा डबा असतो, ज्यांचा फोन येईल त्यांच्याकडे जायचं. सकाळी ऑर्थोच्या सरांकडे मोडलेला खुबा, दुपारी कान-नाक-घसावाल्यांकडे लहान मुलाचे टॉन्सिल, संध्याकाळी हर्निया, आणि रात्री कुठल्या तरी मॅटर्निटी होममध्ये सीझर. टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून चौदा वर्षं मी बाकीच्या ब्रांचची, म्हणजे बाकीच्या स्पेशलायझेशनची, माणसं कामात बघते आहे. कुणाची कंबर चाळिशीआधीच गेली, कोण पन्नाशीतही गुणगुणत टाके घालतं, कुणाला शेवटच्या टाक्याआधीच पुढच्या हॉस्पिटलची घाई असते, हे सगळं तिथून स्वच्छ दिसतं.

दरवर्षी नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की ओळखीपाळखीतल्या मुलांचे फोन सुरू होतात. "मावशी, कुठली ब्रांच घेऊ?" त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही. पण कसं ठरवायचं ते सांगता येतं, आणि फोनवर सांगून सांगून आता पाठ झालंय, म्हणून लिहून ठेवते. निकालाची वाट न बघता एमबीबीएसच्या थर्ड इयरलाच वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी वय मोजा

एक कागद घ्या. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला असेल तर साडेतेवीस झाले. परीक्षा, निकाल, कौन्सेलिंग यात काही महिने जातात. ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा दिली तर पूर्ण वर्ष. एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. सरकारी कॉलेजमधून बाहेर पडताना बंधपत्राची सरकारी सेवा, म्हणजे आपल्या भाषेत बॉन्ड. सुपर, म्हणजे कार्डिओलॉजीसारखी सुपरस्पेशालिटी, करायची असेल तर नीट-एसएस ही परीक्षा आणि डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन. बत्तीस कधी होतात कळतही नाही, आणि स्वतःच्या नावाची पाटी त्यानंतर.

आता त्याच कागदावर दुसरी रेघ ओढा. वडील कधी रिटायर होणार, धाकट्या भावंडाचं शिक्षण कधी, घराचं कर्ज कुठपर्यंत. या दोन रेघा शेजारी ठेवल्या की काही प्रश्न आपोआप सुटतात. माझ्या एका भाच्याला कार्डिओलॉजीच करायची होती. हा कागद मांडल्यावर तो म्हणाला, करायचीच आहे, पण मधली दोन वर्षं फिजिशियन म्हणून नोकरी करून. त्याप्रमाणे त्याने केलं.

मेडिसिन आणि सर्जरी घेणाऱ्यांनी स्वतःला एक जास्तीचा प्रश्न विचारायला हवा: सुपर मिळालंच नाही, तर नुसतं एमडी मेडिसिन म्हणून मी खूश राहीन का? मोठ्या शहरात याचं उत्तर अवघड असतं. तालुक्याच्या गावी मात्र आयसीयू चालवणारा फिजिशियन सगळ्यात बिझी माणूस असतो. साप चावलेला, फवारणीचं औषध प्यायलेला, अर्धांगाचा, छातीत कळ आलेला, सगळे आधी त्याच्याच दारात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण यासाठी डोळ्यासमोर ठेवा. एमबीबीएस होऊन ते रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरताना त्यांनी पाहिली. एमडी मेडिसिन पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून. प्राझोसिनने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे काम 'लॅन्सेट'मधून जगभर गेलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. प्रश्न आधी भेटला, डिग्री नंतर आली. आपल्याकडे बहुतेकांचं उलटं होतं.

ब्रांचचा मंगळवार म्हणजे काय

ज्या केसमुळे एखादी ब्रांच आवडते, ती केस महिन्यातून एखाददुसरी येते. बाकीचे दिवस काय चालतं ते बघा. मी त्याला मंगळवार म्हणते. सोमवारी गर्दी असते, शनिवारी घरी जायची ओढ, मंगळवार मात्र साधा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेतीनला फोन आला, पोचेपर्यंत तीन. बाळाचे ठोके ऐंशीवर आलेले. पेशंटला कुशीवर वळवून मी पाठीत सुई घातली, तोवर आमच्या गायनॅकच्या, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीच्या, मॅडम गाऊन घालून तयार. औषध चढल्याची खात्री करून मी मान हलवली आणि काही मिनिटांत बाळ बाहेर. रडलं नाही. पेड्सच्या, म्हणजे बालरोगाच्या, सरांनी नाका-तोंडातलं ओढलं, पाठ चोळली, मास्क लावून दोन-चार श्वास दिले. मग रडलं. त्या क्षणी तिथे कोणी इंटर्न उभा असता तर घरी जाऊन त्याने वहीत लिहिलं असतं: गायनॅकच.

तो इंटर्न मग झोपायला गेला असता. मॅडम गेल्या नाहीत. गर्भाशय सैल पडत होतं, ऑक्सिटोसिन चालू करून त्या पोटावर हात ठेवून अर्धा तास उभ्या राहिल्या. मग नोट्स. मग जिन्यात बसलेल्या सासरच्या बारा माणसांना, "नॉर्मल होणार म्हणाला होतात ना" याचं उत्तर. साडेनऊला ओपीडी: चाळीस बायका, प्रत्येकीचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, "लोहाच्या गोळ्या घेता का? मळमळतं म्हणून सोडल्या ना?" हे एकविसाव्या बाईलाही तितक्याच शांतपणे विचारायचं. गायनॅक म्हणजे ही ओपीडी आणि लेबर रूममधली वाट बघणं. ते ज्यांना जमतं, त्या बायका आणि पुरुष साठीतही ही ब्रांच मजेत करताना मी बघितलेत. ज्यांना फक्त पहिली पाच मिनिटं आवडली होती ते लवकर चिडचिडे होतात.

रेडिओलॉजीकडे हल्ली सगळ्यात वरच्या रँकची मुलं जातात. कारण विचारलं की "लाइफस्टाइल" म्हणतात. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसाला कितीतरी सोनोग्राफी, उजवा खांदा भरून येतो, रात्री सीटीचे रिपोर्ट मोबाइलवर. आणि गरोदर बाईची प्रत्येक सोनोग्राफी म्हणजे एक एफ फॉर्म. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यात नोंद अपुरी किंवा चुकीची असणं हाही कायद्याचा भंग धरला जातो, मशीन सील होऊ शकतं. लिंगनिदान करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्याला कागद नीट ठेवायचा मनापासून कंटाळा आहे, त्याने सोनोग्राफी सेंटर काढण्याआधी तीनदा विचार करावा. चित्रावरून कोडं सोडवायची ज्याला खरी ओढ आहे, त्याला मात्र यासारखी ब्रांच नाही. सर्जन पोट उघडण्याआधी त्याला फोन करतात.

ऑर्थोबद्दल दोन गोष्टी. एक, सी-आर्म, म्हणजे ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे मशीन, चालू असताना अंगावर शिशाचा ॲप्रन असतो, काही किलोंचा, आणि तो घालून तासन् तास उभं राहायचं असतं. पाठदुखीची तक्रार आधीच असेल तर हे आजच लक्षात घ्या. दोन, "ताकद लागते, मुलींना जमत नाही" हे खरं नाही. ट्रॅक्शन टेबल ओढतं, ड्रिल फिरतं. मुलींना तिथे त्रास होतो तो हाडांचा नाही, माणसांचा.

स्किन म्हटलं की मुलांच्या डोळ्यापुढे लेझर येतं. बाहेर बाकावर मात्र गजकर्णाचे पेशंट बसलेले असतात, मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मिक्स मलम तीन महिने लावून आलेले. सायकिॲट्रीत ऐकून घ्यायचं असतं, आणि पेशंटपेक्षा नातेवाइकांचं जास्त. पेड्समध्ये आजी हीच खरी पेशंट. पॅथॉलॉजीत पेशंट दिसत नाही, पण कॅन्सर आहे की नाही हे वाक्य शेवटी तुमच्या सहीनेच बाहेर जातं. फॉरेन्सिकवाल्यांना कोर्टाची समन्स येतात.

आणि भूल? आमचं नाव पाटीवर नसतं. पेशंट शुद्धीवर येतो आणि पेढे सर्जनला देतो. वेळ आपली नसते, दुसऱ्याच्या लिस्टवर चालायचं. ओपीडीची रांग नाही, औषधाला गुण आला का म्हणून फोन नाही, केस संपली की संपली. मला ते फार आवडतं. मॉनिटरवरच्या पल्स ऑक्सिमीटरचा टीक-टीक आवाज ऐकलाय ना? ऑक्सिजन खाली यायला लागला की त्याचा सूर उतरतो. सर्जन गप्पा मारत असतो, सिस्टर गॉज मोजत असते, आणि आमचा कान त्या सुराला चिकटलेला असतो. असं तीन तास चिकटून राहणं तुम्हाला जमेल का, हाच भुलीचा मंगळवार.

पीएसएम (सार्वजनिक आरोग्य, म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन), मायक्रोबायोलॉजी, फार्मॅकॉलॉजी, ॲनाटॉमी यांना मुलं "उरलेल्या" म्हणतात. २०२३ साली पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून नीट-पीजीचा पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला. रिकाम्या राहतात त्यात याच ब्रांच जास्त असतात. पण उरलेली म्हणून घेणारा आणि हवी म्हणून घेणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझी एक बॅचमेट पीएसएममध्ये स्वतःहून गेली. साथ आली की जिल्ह्याच्या नकाशावर टाचण्या लावत बसते, आणि आमच्यात तिलाच झोप नीट लागते.

इंटर्नशिपची वही

हे सगळं ऐकून ठरत नाही, बघावं लागतं. बघायला मिळणारं वर्ष एकच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपचे ५२ आठवडे असे वाटलेले आहेत: कम्युनिटी मेडिसिन १२, गायनॅक ७, मेडिसिन ६, सर्जरी ६, पेड्स ३, सायकिॲट्री, ॲनस्थेशिया, ऑर्थो, ईएनटी, डोळे आणि कॅज्युअल्टी प्रत्येकी २, स्किन आणि फॉरेन्सिक प्रत्येकी १, आणि ४ आठवडे तुमच्या पसंतीचे. म्हणजे ज्या ब्रांचमध्ये तीस वर्षं काढायची, तिला बघायला बऱ्याचदा चौदा दिवस. आणि त्यातले अर्धे दिवस मुलं सही करून लायब्ररीत पळतात. मला ते कळतं. परीक्षा डोक्यावर असते, रक्त काढायला आणि रिपोर्ट आणायला कोण थांबेल? तरी प्रत्येक पोस्टिंगमधले दोन दिवस पूर्ण द्या, सकाळच्या राउंडपासून रात्रीपर्यंत. त्यातला एक इमर्जन्सीचा असू दे, एक अगदी रिकामा.

खिशात मावेल अशी वही ठेवा. मी चार रकाने आखले होते. आज कुठलं काम तिसऱ्यांदा केलं? ते करताना कंटाळा आला का? कुणाचा राग आला? भूक कधी लागली?

चौथा रकाना विचित्र वाटेल, पण सगळ्यात खरा तोच निघाला. माझी एक नोंद अजून आहे: "ॲनस्थेशिया, चौथा दिवस. आठ वेळा सलाइन लावलं. दोनदा मास्क धरायला दिला, जबडा वर उचलायला जमलं. राग: कुणाचाच नाही. भूक: साडेतीनला कळलं की जेवलेच नाही." गायनॅकच्या पोस्टिंगमध्ये मात्र रोज बारा वाजता मेसची आठवण यायची. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. मला गायनॅकच हवं होतं.

वही वाचताना एक चाळणी लावा: हा राग ब्रांचचा की माणसाचा? आमच्या सर्जरीच्या युनिटमध्ये एक लेक्चरर होते, सक्शन नीट धरलं नाही म्हणून त्यांनी भर ऑपरेशन थिएटरमध्ये किडनी ट्रे फेकला. त्या दिवशी मी सर्जरीवर काट मारली. पुढे रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी करताना, दुसऱ्या युनिटचं काम डोक्याच्या बाजूने बघितलं तेव्हा कळलं, सर्जरी किती देखणी असते. उलटही होतं: एखादे सर इतकं सुंदर शिकवतात की आपल्याला ते सर आवडलेले असतात, त्यांची ब्रांच नव्हे. म्हणून आवडलेली ब्रांच दुसऱ्या युनिटमध्ये, जमलं तर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, एकदा बघून या. पसंतीचे चार आठवडे त्यासाठीच वापरा. सोपी पोस्टिंग घेऊन वाचत बसायचा मोह सगळ्यांना होतो.

कुणाला विचारायचं आणि काय

फर्स्ट इयरच्या रेसिडेंटला विचारू नका. त्याला सगळंच वाईट वाटतं, आणि बरोबरच आहे, तो दोन दिवस झोपलेला नसतो. थर्ड इयरला विचारा. त्याहून महत्त्वाचं, तुम्हाला जिथे राहायचंय तशा गावात दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला विचारा. पुण्यातला स्किनवाला आणि परभणीतला स्किनवाला यांचे मंगळवार वेगळे असतात.

"ब्रांच कशी आहे?" असं विचारलंत तर "छान आहे" मिळेल. त्यापेक्षा हे विचारून बघा. गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठावं लागलं? तुम्ही गावाला गेलात की पेशंट कोण बघतं? पहिली पाच वर्षं घर कशावर चाललं? मशीनचं कर्ज किती वर्षं फेडलंत? आमच्या गावचे डोळ्यांचे सर शेवटच्या प्रश्नावर अर्धा तास बोलतात, कारण मोतीबिंदू काढायचं फेको मशीन आणि मायक्रोस्कोपशिवाय त्यांच्या डिग्रीला गावात काही किंमत नव्हती. मानसोपचारवाल्याला दोन खुर्च्या आणि एक बंद होणारं दार पुरलं. सुरुवातीचा खर्च हा ब्रांचचाच भाग आहे. तो कुणी शिकवत नाही.

कॉलेजबद्दल विचारायचं ते वेगळं. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारण १२ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. हे वाक्य कुठल्याही वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवा, सगळे हसतील. म्हणून नियम बाजूला ठेवा आणि युनिटचा हिशेब घ्या: एका युनिटला फर्स्ट इयर किती, इमर्जन्सी आठवड्यातून किती वेळा, दुसऱ्या दिवशी सुटका होते का, हॉस्टेलची खोली मिळते की वॉर्डच्या कोपऱ्यात गादी, थेसिसचे गाइड वेळ देतात का. आणि मुख्य म्हणजे थर्ड इयरला स्वतःच्या हाताने काय करायला मिळतं. खासगी हॉस्पिटलमध्ये डीएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाची पदवी, करणार असाल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी. तिथे पेशंट कन्सल्टंटचा असतो; काही ठिकाणी ते हात धरून शिकवतात, काही ठिकाणी तीन वर्षं रिट्रॅक्टरच धरावा लागतो.

घरच्यांचं काय? "मुलीला स्किन बरं, मुलाला ऑर्थो." "बाबांचं मॅटर्निटी होम आहे, दुसरं काही कशाला?" असं ऐकावं लागणारच. तयार हॉस्पिटल ही मोठी सोय आहे, तिला नाक मुरडू नका. पण आधी एक महिना त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर आणि लेबर रूममध्ये बसून बघा. बाबा घरी कधी येतात ते आईला विचारा.

रँक हातात आल्यावर

यांत्रिक भाग थोडक्यात. नीट-पीजीला २०० प्रश्न, बरोबरला ४, चुकल्यास वजा १, एकूण ८००. २०२४ पासून पेपर पाच भागांत असतो, प्रत्येकी ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं, आणि संपलेल्या भागात परत जाता येत नाही. सराव तसाच करा. एम्स, पीजीआय, जिपमर, निम्हान्स यांच्यासाठी आयएनआय-सीईटी वेगळी, वर्षातून दोनदा. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसी या केंद्राच्या कौन्सेलिंग समितीकडून भरतात, राज्याच्या जागा आपल्या सीईटी सेलकडून. पीजीला अधिवासावर आधारित आरक्षण घटनेत बसत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. संस्थेच्या विद्यार्थ्यांना मर्यादेत प्राधान्य मात्र देता येतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरचा सल्ला तसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, पेन्सिल घेऊन. बॉन्ड किती वर्षांचा, तो मोडल्यास दंड किती, मधूनच जागा सोडल्यास काय, या तीन ओळी शोधून खूण करा. गेल्या वर्षीच्या शेवटच्या राउंडचे कटऑफ वेगळे उतरवून घ्या. पहिल्या राउंडच्या आकड्यांवरून मुलं उगाच खचतात.

मग येतो सगळ्यात जुना वाद, ब्रांच की कॉलेज. माझा कौल ब्रांचला. हाताच्या ब्रांचसाठी, म्हणजे सर्जरी, गायनॅक, ऑर्थो, भूल, मी मुंबईचा हट्ट धरणार नाही. अंबाजोगाईला किंवा यवतमाळला रात्री जो लोंढा येतो त्यात हात तयार होतो. रेडिओ किंवा पॅथॉलॉजीसारख्या ठिकाणी मात्र मशीन कुठलं आहे आणि रिपोर्ट तपासायला कोण बसतं याने खूप फरक पडतो. तिथे कॉलेज बघा. शिवाय आता प्रत्येक पीजीला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात, त्यामुळे गाव चुकणार नाहीच.

ड्रॉप घ्यायचा का? हवी ती ब्रांच थोडक्यात हुकली असेल, घरचा कागद परवानगी देत असेल आणि गेल्या वेळी काय चुकलं हे तुम्हाला नेमकं सांगता येत असेल, तर एकदा घ्या. दुसऱ्यांदा घेताना नोकरी करत घ्या. आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांसाठी राज्याच्या कोट्यात राखीव जागाही असतात, अटी वाचून घ्या. नॅशनल बोर्डाचे दोन वर्षांचे डिप्लोमे हाही रस्ता आहे: भूल, गायनॅक, पेड्स, डोळे, ईएनटी, रेडिओ, फॅमिली मेडिसिन. नंतर दोन वर्षांत डीएनबी करता येतं. ज्यांना लवकर कमवायला लागायचंय त्यांनी याकडे कमीपणाने बघू नये.

मॅनेजमेंटच्या जागेसाठी जमीन विकायची वेळ येत असेल, तर मला फोन करू नका, मी नाही म्हणेन.

पसंतीचा फॉर्म

फॉर्म भरताना मुलं कटऑफ बघून क्रम लावतात, "ही मिळणारच नाही" म्हणून खाली टाकतात. चूक. संगणक वरून खाली येतो आणि तुमच्या रँकला मिळणारी पहिली जागा देतो. वर टाकलेली अशक्य जागा तुमचं काही नुकसान करत नाही. मनातला खरा क्रम लावा. आणि जिथे जॉइन होणार नाही ते टाकूच नका. एमसीसीच्या पहिल्या राउंडमध्ये मिळालेली जागा सोडता येते, पुढे अनामत जाते, आणि शेवटच्या स्ट्रे राउंडमध्ये मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या परीक्षेला बसता येत नाही. अपग्रेड मागितलं आणि मिळालं की आधीची जागा गेली, परत मागता येत नाही. हे आई-वडिलांनाही समजावून सांगा, कारण रात्री अकराला "थांब, काकांना विचारू" तेच म्हणतात. लॉक करायला शेवटच्या तासाची वाट बघू नका.

आमच्या वेळी नीट नव्हती. हॉलमध्ये बसायचं, नाव पुकारलं की समोर जायचं, आणि उरलेल्या जागांतून जागेवर सांगायचं. माझ्या आधीच्या दोघींनी गायनॅकच्या शेवटच्या दोन जागा घेतल्या. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी काही न बोलता माझ्या पर्सकडे बघितलं. वही त्यातच होती. भुलीचं पान काढलं, साडेतीनची नोंद वाचली, आणि उठले. रडले नंतर, एसटीत.

जॉइन झाल्यावर

पहिले सहा महिने ब्रांचबद्दल मत बनवू नका. फर्स्ट इयरचं आयुष्य हे कुठल्याच ब्रांचचं आयुष्य नसतं. रिपोर्ट गोळा करणं, रक्तपेढीत धावणं, शिव्या खाणं. छळ होत असेल तर तो ब्रांचचा भाग समजून गिळू नका, कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी द्या, तारीख आणि वेळ घालून. झोप, जेवण दोन्ही उडालं आणि नको ते विचार यायला लागले तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. आणि सायकिॲट्री ओपीडी तुमच्याच इमारतीत आहे. तिथे जाणारे रेसिडेंट तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत.

वही मात्र चालू ठेवा. माझी फर्स्ट इयरची वही रडगाण्याने भरलेली आहे: हॉस्टेलला पाणी नाही, सर ओरडले, ट्यूब अन्ननलिकेत गेली, पुन्हा अन्ननलिकेत. आठव्या महिन्यातल्या एका पानावर तीनच शब्द आहेत. ट्रॉलीवर वाकून मी औषध भरत होते, मॉनिटरकडे पाठ होती, सूर किंचित उतरला आणि मान वर न करताच आकडा कळला. वळून बघितलं, तोच होता. मास्क घट्ट केला, सूर परत चढला, रात्री खोलीवर येऊन लिहिलं: "न बघता. ब्याण्णव."